जुना फ्रेटलेस बास सुरात आणताना

तुम्ही लिहिलंय ते आधी एकत्र मांडतो. चार तारांचा, ३४ इंची स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच) वापरलेला बास गिटार घेतलात. मूळचा फ्रेटवाला, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्या असलेला, आधीच्या मालकाने फ्रेट उपटून खाचा पुट्टीने बुजवल्यात. रोझवूडच्या फिंगरबोर्डवर (बोटं जिथे टेकतात ती लाकडी पट्टी, पुढे नुसतं बोर्ड) जी आणि डी तारांखाली चरे पडलेत. जी तारेवर पाचव्यापासून नवव्या जागेपर्यंत (जागा म्हणजे त्या क्रमांकाचा फ्रेट जिथे होता ती) सूर उमटतो न उमटतो तोच मरतो. नटापाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपाशी, तारा इतक्या उंच की पहिल्या दोन जागांवर बोट दुखतं, बाराव्या जागेवर सूर चढा लागतो आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते. प्रश्न दोन: बोर्डवर इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा प्लास्टिकसारखा थर) ओतू का, आणि तारा कुठल्या लावू?

दोन्हींची उत्तरं शेवटाकडे येतील, कारण त्यांची पाळीच तेव्हा येते. इपॉक्सी आधी ओतलं तर खालचे सगळे दोष त्याच्याखाली गाडले जातात आणि पुढे कधीतरी ते इपॉक्सीसकट उकरून काढावे लागतात. दुसऱ्यांच्या वाद्यांवर हे मी पाहिलंय, आणि स्वतःच्या पहिल्या फ्रेटलेसवर केलंयही.

फ्रेटवाल्या बासमध्ये तार फ्रेटच्या माथ्यावर टेकते. दोन फ्रेटमधलं लाकूड खड्डेमय असलं तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. फ्रेटलेसमध्ये लाकूड हाच फ्रेट. बोट ठेवलं की तार बोटाच्या पुढच्या कडेपासून सुटते आणि पुढे बरंच अंतर बोर्डला अगदी घसटून थरथरते. तोंड उघडत गेल्यासारखा तो 'म्वाऽऽ' आवाज, ज्याच्यासाठी माणूस फ्रेटलेसच्या नादी लागतो, तो या घसटण्यातून येतो. तानपुऱ्याची जवारी ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. घोडीचा माथा हलक्या उताराचा असतो, तार त्याला जेमतेम शिवत राहते आणि स्वर झणकारतो. उतार बिघडला की एकतर सूर बोदा होतो, नाहीतर नुसतं किरकिरतं. फ्रेटलेसचा अख्खा फिंगरबोर्ड म्हणजे अशी लांबलचक जवारीच समजा. फरक एवढाच की तानपुऱ्यात दोरा सरकवून भागवता येतं. इथे लाकूडच जमवावं लागतं. तुमच्या बासच्या तक्रारींपैकी खरखर सोडली तर बाकी सगळ्या बोर्ड आणि नट या दोन ठिकाणी येऊन थांबतात.

सुरुवात नेकपासून, म्हणजे बोर्ड जिच्यावर बसलाय त्या मानेपासून. ज्या जाडीच्या तारा कायम ठेवायचा विचार आहे त्याच जाडीचा कुठलाही संच, जुना असला तरी, चढवून नेहमीच्या सुरात लावा. तारांचा ताण नसताना नेक पाहून काही कळत नाही. मग बास आडवा धरून ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या) बाजूने एक डोळा मिटून बोर्डच्या दोन्ही कडा नटापर्यंत न्याहाळा. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या दिसल्या तर ठीक. एक सरळ आणि दुसरी वाकडी दिसली तर नेकला पीळ आहे. थोडा पीळ बोर्ड घासताना निघतो. डोळ्याला चटकन दिसावा इतका असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी दुसरा नेक शोधा.

पीळ नसेल तर वाक मोजा. जी तार पहिल्या जागेवर आणि बोर्डच्या शेवटच्या टोकाला एकाच वेळी दाबा. मधली तार तुमची सरळपट्टी झाली. सातव्या-आठव्या जागेवर तार आणि लाकूड यांच्यात किती फट राहते ते बघा. फ्रेटवाल्या बासवर ०.३ मि.मी. फट खुशाल चालते. फ्रेटलेसवर मी ०.१ ते ०.२ च्या वर जाऊ देत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर छपाईचा साधा कागद घ्या, तो साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. एक कागद सहज सरकावा, तीन कागद अडावेत.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक सावरणारी सळई. त्याच्या तोंडात चपखल बसणारीच ॲलन की वापरा. काहींना ४ किंवा ५ मि.मी. लागते, काहींना इंचाच्या मापाची. 'जवळपास बसते' म्हणून फिरवलेल्या कीने तोंड गोल झालं की काम दहापट वाढतं. घट्ट करण्याआधी तारा थोड्या सैल करा, पाव फेरा फिरवा, परत सुरात लावा, बघा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नेक सरळ होत जातो, उलट फिरवलं की तारांच्या ओढीने वाकतो. पाव फेऱ्यानंतर निदान काही तास थांबा, लाकूड रात्रभर हलत राहतं. रॉड अडून बसला असेल तर जोर करू नका.

तुमच्या बासवर रॉड जवळजवळ पूर्ण आवळूनही वाक उरत असेल, असा माझा अंदाज आहे. कारण ती पुट्टी. फ्रेटचं खालचं पातं खाचेत पाचरीसारखं ठोकलेलं असतं. अशा वीस पाचरी मिळून नेकला पुढे वाकण्यापासून रोखतात. फ्रेट काढले की वीस पाचरी गेल्या, आणि पुट्टीला दाब सोसायची ताकद नसते. तारांची ओढ लागली की खाचा किंचित मिटतात आणि नेक पुढे झुकतो. नखाने उकरून बघा. पुट्टी भुसभुशीत निघाली तर सगळ्या खाचा रिकाम्या करून लाकडी वीनियरने (लाकडाच्या पातळ पापुद्र्याने) भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण जुन्या फ्रेटलेसमध्ये एवढा फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

खाचेची रुंदी बहुतेक वेळा ०.५ ते ०.६ मि.मी. असते. बारीक दातांच्या पातळ करवतीने, रुंदी न वाढवता, तळापर्यंत साफ करा. वीनियरची पट्टी अंगठ्याच्या दाबाने आत जायला हवी. हातोडी लागली तर ती जाड आहे. एका खाचेत जास्तीचा केसभर म्हणजे काहीच नाही, पण वीस खाचांत मिळून नेक मागे वाकवायला तेवढा पुरतो, आणि मागे वाकलेला नेक साध्या एकदिशी ट्रस रॉडने सरळ होत नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद लावा, दुसऱ्या दिवशी धारदार पटाशीने वर आलेला भाग बोर्डच्या बरोबरीने छाटा. फ्रेट उपटताना खाचांच्या कडेला टवके उडालेले असतात. ते रोझवूडचाच बारीक भुसा आणि सुपरग्लू घालून बुजवा. फिकट मेपलचं वीनियर घातलंत तर रेषा दिसतील, गडद घातलंत तर बोर्ड कोरा दिसेल. पहिलाच फ्रेटलेस असेल तर रेषा ठेवा. कोरा बोर्ड देखणा दिसतो खरा, पण रेषा पाहून वाजवणं कमीपणाचं आहे हे म्हणणं मला कधी पटलं नाही.

फ्रेट काढलेला बास म्हणजे दुय्यम माल, असंही मनात आणू नका. पुढे रोलिंग स्टोन्सचा बासवादक झालेल्या बिल वायमनने १९६१ मध्ये आपल्या स्वस्तातल्या बासचे फ्रेट काढून टाकले होते, आणि कारखान्यातून तयार येणारा अँपेगचा फ्रेटलेस १९६६ मध्ये, फेंडरचा १९७० मध्ये आला. फ्रेटलेसचा नामांकित वादक जॅको पास्टोरियस याचा १९६२ चा फेंडर जॅझ बासही फ्रेट काढलेलाच होता, वरून बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिलेला.

आता बोर्ड घासणं. इथे घाई केलीत तर बास गेलाच. तारा काढा. नट गोंदाने हलका चिकटवलेला असतो. खाली लाकडाचा ठोकळा लावून बाजूने टकटक केलं की सुटतो. ट्रस रॉड सैल करत बोर्ड तारांशिवाय अगदी सरळ करा. स्टीलची सरळपट्टी उभी धरून मागे दिवा ठेवला की कुठून उजेड येतो ते दिसतं. शक्य असेल तर नेक सुटा करून टेबलावर पूर्ण लांबीभर आधार देऊन ठेवा. नेक काढणार नसाल तर बॉडीवर पुठ्ठा आणि पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांवर) टेप हवीच. स्टील वूल तर या खोलीतही आणू नका. त्याचे बारीक तंतू पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि तिथून ते निघता निघत नाहीत.

बोर्डचा माथा सपाट नसतो, आडवा किंचित गोल असतो. ही गोलाई किती ते आधी ओळखा. जुन्या धाटणीच्या नेकवर ७.२५ इंच त्रिज्या, बऱ्याच नव्यांवर ९.५, काहींवर १२. जाड कागदावर कंपासने १८४, २४१ आणि ३०५ मि.मी. त्रिज्येचे कंस काढून कापा आणि बोर्डवर आडवे ठेवून उजेडासमोर बघा. जो फटीशिवाय बसेल तो तुमचा. त्याच गोलाईचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घ्या, आणि तो जितका लांब मिळेल तितका चांगला. आखूड ठोकळा खड्ड्यात उतरून खड्डा आणखी खोल करतो. लांब ठोकळा दोन उंचवट्यांवर टेकून उंचवटेच कापतो.

हे मी बोटं भाजून शिकलो. पहिल्या फ्रेटलेसवर रात्री टेबलदिव्याच्या उजेडात तळहाताएवढ्या ठोकळ्याने तीन तास घासत बसलो. जिथे चरे दिसायचे तिथे जास्त हात चालायचा. सकाळी पट्टी ठेवली तर सहाव्या-सातव्या जागेवर चांगला हौद झाला होता. तो काढायला बाकीचा सगळा बोर्ड खाली न्यावा लागला आणि कडेच्या खुणांचे ठिपके बोर्डच्या माथ्याला येऊन भिडले.

तेव्हा आता पद्धत अशी. संपूर्ण बोर्डवर पेन्सिलीने नागमोडी रेघोट्या मारा. चरे खोल असतील तर १२० नंबरचा पॉलिश पेपर, नाहीतर सरळ १८०. ठोकळा नटाच्या टोकापासून शेवटपर्यंत एका लयीत लांबीच्या दिशेने न्या-आणा, दाब फक्त ठोकळ्याच्या वजनाइतका. टोकाला हात वळतो तिथे आपोआप जास्त घासलं जातं, म्हणून टोकापलीकडे ठोकळा निम्माही जाऊ देऊ नका. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी थांबून बघा: जिथे पेन्सिल पुसली ते उंच, जिथे राहिली ते खोल. पेन्सिल सगळीकडे सारखी पुसली गेली की थांबा, मग दोन-चार बारीक चरे उरले तरी हरकत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. शेवटचा चरा घालवायच्या हट्टापायी लोक बोर्डचा अर्धा मि.मी. उडवतात. तार चऱ्याच्या कडांवर टेकते, तळाशी जात नाही. कडा एका पातळीत असल्या की कान तक्रार करत नाही. एकच खोल ओरखडा सुपरग्लूने भरायचा मोह होईल. भरा, पण तिथे सूर अंमळ कडक लागेल हे धरून चाला.

पातळी जमली की २४०, ३२०, ४००, ६०० असे चढत जा. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे तेवढे घालवायचे, पातळी बदलायची नाही. त्याआधी, म्हणजे २४० वर असतानाच, चौदाव्या जागेपासून शेवटपर्यंत दहा-पंधरा फेऱ्या जास्त मारून टोकाकडे अगदी बारीक उतार द्या, टोकाशी ०.२ मि.मी. पुरे. बोल्टने जोडलेल्या नेकचा शेवटचा भाग वर्षानुवर्षांच्या ताणाने वर उठतो, आणि वरच्या जागांवर सूर घुसमटतो तो त्या उठावामुळे. पुन्हा जवारीचंच गणित: तारेला निसटायला उतार हवा. रोझवूडची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्क लावा. शेवटी बोर्डचं तेल दोन थेंब कापडावर घेऊन पुसा, आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळं काढून टाका. इपॉक्सी किंवा सुपरग्लूचा थर द्यायचा असेल तर मात्र तेलाला हातही लावू नका.

आता इपॉक्सी. तुमच्या बासला मी देणार नाही. चांगलं पातळीत आणलेलं रोझवूड सपाट वळणाच्या (फ्लॅटवाउंड, वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांखाली वर्षानुवर्षं टिकतं, आणि त्याचा जो उबदार, किंचित धूसर सूर असतो तो प्लास्टिकच्या थरावर मिळत नाही. थर दिला की सूर लखलखीत होतो, लांब टिकतो आणि गोल वळणाच्या स्टील तारांनीही बोर्ड झिजत नाही. तेच हवं असेल तर द्या, पण ते काम समजून उमजून करा. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी चालत नाही. सावकाश जमणारं, दोन भागांचं, मापात अचूक मिसळलेलं हवं. बोर्ड गोल असल्याने ते मधून कडेकडे ओघळतं, मध्ये थर पातळ आणि कडेला जाड होतो. म्हणून कडेला टेपची भिंत उभारून तीन-चार पातळ थर द्यावे लागतात आणि आठवडाभर वाळवून पुन्हा वरचीच सगळी घासाई करावी लागते. ट्रस रॉडचं तोंड आधी मेणाने किंवा टेपने बंद करा. मी केलं नव्हतं. एक ओघळ आत गेला, आणि त्या नेकचा रॉड पुढे कधीच फिरला नाही.

मधला मार्ग म्हणजे पातळ सुपरग्लूचे पाच-सहा हात. लवकर वाळतो, थर बारीक राहतो, सूर लाकडाच्या बराच जवळ राहतो. वाफ डोळ्यांत जाते, खिडक्या उघड्या ठेवा.

नटाचं काम छोटं, पण रोज बोटांना जाणवणारं. फ्रेटवाल्या बासचा नट पहिल्या फ्रेटच्या उंचीचा हिशेब धरून कापलेला असतो. फ्रेट गेले की तो साधारण १ मि.मी. जास्त उंच राहतो, आणि आधीच्या मालकाने तो तसाच सोडलेला दिसतोय. पहिल्या जागांवर बोट दुखण्याचं कारण हेच. त्या जागांवर सूर चढा लागत असेल तर तेही यामुळेच, कारण तार जितकी खाली ताणावी लागते तितका सूर वर सरकतो. फ्रेटलेसवर तार नटातून निघतानाच बोर्डला जवळजवळ शिवलेली हवी. नटाच्या अगदी पुढ्यात तारेखालून एक व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे ०.३ मि.मी. च्या आसपास, अलगद सरकलं पाहिजे. दोन कार्डं सरकली तर अजून उंच आहे. ई तारेला केसभर जास्त द्या, ती रुंद हेलकावते. खाच तारेच्या जाडीचीच असावी, तळ गोल असावा आणि खुंट्यांच्या दिशेने उतरती असावी, म्हणजे तार नटाच्या पुढच्या कडेवरच टेकेल. तार अर्ध्याहून जास्त खाचेत बुडत असेल तर नटाचा माथा कानशीने उतरवा. सगळ्या खाचा सारख्याच उंच असतील तर आणखी सोपं: नट काढून त्याचा तळच घासा. एखादी खाच चुकून खोल गेली आणि मोकळी तार किरकिरायला लागली तर तीत नटाचाच भुसा आणि सुपरग्लू घाला आणि पुन्हा कापा. नवा नट बसवलात तर त्याची पुढची कड जुन्याच जागी हवी, नाहीतर बोर्डवरच्या सगळ्या रेषा खोट्या पडतील.

तारा चढवल्या की सॅडलची, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या टेकूची, उंची. बोर्डच्या बाराव्या जागेवर जी तार १.५ ते २ मि.मी. आणि ई तार २ ते २.५ मि.मी. वर असली की बहुतेकांना मानवतं. मधल्या दोन तारा बोर्डच्या गोलाईला धरून लावा. फ्रेट गेल्यामुळे तारा १ मि.मी. खाली याव्या लागतात, आणि सॅडल पार तळाला टेकूनही तारा उंचच, असा प्रसंग तुमच्यावर येण्याची शक्यता आहे. तसं झालं तर नेक बॉडीच्या ज्या खोबणीत बसतो तिथे ब्रिजकडच्या बाजूला ०.३ ते ०.५ मि.मी. ची लाकडी चकती ठेवा. नेकचं डोकं किंचित मागे झुकतं आणि तारा बोर्डजवळ येतात. पूर्ण खोबणीच्या मापाची, एका बाजूला निमुळती होत जाणारी पाचर बनवता आली तर सर्वांत उत्तम. व्हिजिटिंग कार्डाची घडी ही तात्पुरती सोय.

आता एकाच बोटाने जी तार नटापासून शेवटपर्यंत हळूहळू सरकवत, वाजवत न्या. मींड घेतल्यासारखी. सूर कुठे दबतो, कुठे किरकिरतो, कुठे 'म्वा' उमलतो ते ऐका, आणि जिथे खटकेल तिथे बोर्डच्या कडेला कागदी टेपचा तुकडा लावा. चारही तारांवर हेच. टेपचे तुकडे एकाच पट्ट्यात जमले तर तिथे बोर्डला खड्डा आहे किंवा त्याच्या पुढे, ब्रिजच्या बाजूला, उंचवटा आहे. विखुरलेले असतील तर सॅडल पाव फेरा वर उचलून बघा. थोडी किरकिर हवीच. बास ॲम्पमध्ये लावून बसा आणि तिथून ऐका. नुसत्या लाकडातून ऐकू येणारी किरकिर पुष्कळदा स्पीकरमध्ये गोड झणकार होऊन बाहेर पडते. सगळी किरकिर घालवलीत तर बास बोदा होईल, मग फ्रेटलेस घेतला कशाला?

बाराव्या जागेचा चढा सूर आता परत तपासा. नट आणि उंची जमल्यावर बराचसा दोष आपोआप गेलेला असेल. उरलेला सॅडल मागे सरकवून घालवायचा. पण जुन्या, मळलेल्या तारांवर हे करूच नका. त्यांची जाडी आणि वजन सगळीकडे सारखं राहिलेलं नसतं आणि ट्यूनर तुम्हाला नाचवत राहतो. या टप्प्याला नव्या तारा चढवा. बोटही इथे फसवं: बोटाचं मऊ टोक रुंद असतं आणि सूर ठरतो तो त्याच्या पुढच्या कडेवर. म्हणून एखाद्या कडक प्लास्टिक कार्डाची कड बाराव्या रेषेवर बरोबर उभी दाबून सूर घ्या आणि त्याच जागेच्या हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती शिवून काढलेल्या सुराशी) ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. सुरुवातीची जागा म्हणून नटापासून ८६४ मि.मी. मोजा, जी तारेचं सॅडल त्याच्या एक-दोन मि.मी. मागे आणि ई तारेचं त्याहून तीन-चार मि.मी. मागे ठेवा.

हे झाल्यावरही वाजवताना सूर हलतो असं वाटलं तर दोष बासला देण्याआधी एक हिशेब बघा. ३४ इंची स्केलवर नटाजवळ बोट १ मि.मी. सरकलं तर सूर २ सेंटने हलतो (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग), बाराव्या जागेवर तेच अंतर ४ सेंट होतं. पहिला अर्धसूर नटापासून ४८.५ मि.मी. वर आहे, आणि बाराव्यानंतरचा पुढचा अर्धसूर फक्त २४ मि.मी. वर. वरच्या जागांवर जरा बोट सरकलं की सूर सुटतो तो यामुळे, आणि त्यावर स्क्रूड्रायव्हरचा उपाय नाही. कडेचे ठिपकेही तपासा. फ्रेटवाल्या नेकवर ते दोन फ्रेटच्या मध्ये असतात. तुमचा नेक मूळचा तसा असल्याने ठिपक्यावर बोट ठेवलंत तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरा लागेल. रेषा पाळा, किंवा रेषांच्या टोकाला कडेवर नवे ठिपके द्या.

खरखरीचं काम अर्ध्या तासाचं. पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या फिरत्या भागाच्या) बाजूच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. तेलकट स्प्रे नको, तो आतली कार्बनची पट्टी खराब करतो. तेवढ्याने गेलं नाही तर पॉट बदला. बॅटरी नसलेल्या बासला २५० किलोओहमचे लागतात, टोनला बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅकचं (केबल खोवतात त्या भोकाचं) आवळायचं नट सैल झालंय. ते आवळताना आतला जॅक हाताने धरा, नाहीतर तो गरगरून वायरी तुटतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत नसेल तर ब्रिजखालून येणारी अर्थची वायर तुटलेली आहे. बॅटरीवाला बास असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, जॅकमध्ये केबल असेपर्यंत बॅटरी जळत राहते.

आणि तारा. तुमच्या उघड्या रोझवूडवर मी ४५–१०५ मापाच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सपाट वळणाच्या लावेन. त्या बोर्डला जवळजवळ घासत नाहीत आणि सूर गोल देतात. बहुतेकींचा ताण थोडा जास्त असतो, म्हणून चढवल्यावर वाक पुन्हा मोजा. सपाट तारांचा सूर तुम्हाला फारच मऊ वाटला तर गोल वळणाच्या तारा वरून घासून गुळगुळीत केलेल्या मिळतात, त्या बघा. गोल वळणाच्याच हव्या असतील तर निकेलच्या घ्या, स्टीलपेक्षा मऊ असतात, आणि व्हायब्राटो तारेला आडवं न ओढता लांबीच्या दिशेने बोट डोलवून घ्या. तुमच्या बोर्डवरचे चरे हे त्या आडव्या ओढण्याचे आहेत, हे त्यांच्या रुंदीवरून कळेल. नायलॉनच्या काळ्या तारांचा सूर उभ्या बासच्या जवळ जातो, पण त्या जाड असतात, नटाच्या खाचा रुंद कराव्या लागतात. शिवाय बोट आणि धातू यांच्यामध्ये नायलॉन आल्याने हात लावून गुणगुण थांबत नाही. त्या लावून अर्थ शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

सगळं झालं की आठवडाभर वाजवा. या काळात गोंद पुरता वाळतो, नव्या तारा ताणून बसतात आणि नेक नव्या ओढीला सरावतो. मग पुन्हा तोच कागद सातव्या जागेवर. दोनाच्या जागी तीन सरकले तर ट्रस रॉडला पाव फेऱ्याहूनही कमी द्या, आणि त्यानंतर सॅडल व बारावी जागा एकदा बघून घ्या.